गुरूवरच्या टँकरचा फेरफार

सोयाबीनची डवरणी, मग निंदण, मग फवारणी, मधेच पोळा. या धबडग्यात संगणकावरच्या ऑरोरा या खेळाचा डाव तीन आठवडे तसाच पडून राहिला तर त्यात विशेष काही नाही. अडचण डाव पुन्हा उघडल्यावर सुरू होते. खेळातली तारीख १४ मार्च २०५१. गुरूभोवती एक टँकर उभा. हुकूम काही नाही, टाकी बासष्ट टक्के भरलेली. ताफ्यांच्या यादीत त्याचं नाव आहे, वेग आहे, तेल किती लिटर ते आहे, कप्तान कोण तेही आहे. तो तिथे कशासाठी उभा केला होता, एवढंच कुठे नाही.

मग रिकामाच दिसतो म्हणून तो शनीकडे धाडला जातो. खेळातल्या चार महिन्यांनी दुसऱ्या ताऱ्याकडून परतणारं सर्वेक्षण जहाज गुरूच्या अलीकडे येऊन थबकतं, टाकी कोरडी. टँकर त्याच्याचसाठी ठेवलेला होता.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑरोरा ४एक्स हा स्टीव्ह वॉल्मस्ली या एकट्या माणसानं लिहिलेला, फुकट मिळणारा अंतराळातला राज्यविस्ताराचा खेळ. आता चालते ती सी-शार्प या संगणकी भाषेतली आवृत्ती एप्रिल २०२० मध्ये आली आणि तेव्हापासून सुधारत गेली. विंडोजवर चालतो, एकदा उतरवून घेतला की इंटरनेट मागत नाही, भारी ग्राफिक कार्डही मागत नाही. चित्रं जवळपास नाहीतच. गडद पाटीवर वर्तुळं आणि ठिपके, बाकी सगळे तक्ते. सुरुवात साधारणपणे २०२५ सालच्या पृथ्वीवर, आपल्याच सूर्यमालेत. अकरा काल्पनिक खनिजं खणायची, जहाजाचा भाग न् भाग स्वतः आखायचा, जंप पॉइंट शोधून दुसऱ्या ताऱ्यांकडे जायचं. वेळ पाच सेकंदांच्या पावलानंही सरकते आणि तीस दिवसांच्याही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा खेळ वाटतच नाही, पटवाऱ्याचं दप्तर उघडल्यासारखं वाटतं.

आणि ते वाटणं अगदी बरोबर आहे. म्हणून या खेळाच्या नोंदी ठेवायची पद्धतही दप्तरातूनच घ्यावी, असं आमचं मत. खेळाडूंच्या वह्या पाहिल्या तर नव्वद पानं पडद्यावरच्या आकड्यांनी भरलेली असतात: पृथ्वीची लोकसंख्या इतकी, खाणी इतक्या, संशोधनात अमुक. हे सगळं खेळाला पाठ आहे. त्याची नक्कल करण्यात शाई जाते आणि दुसऱ्या दिवशी ती नक्कल खोटी ठरते.

सातबारा हातात घेतला की वावर कोणाचं, किती, त्यात काय पेरलं हे कळतं. ते त्याच्या नावावर कसं चढलं, हे सातबारा सांगत नाही. त्यासाठी नावाशेजारी कंसात एक आकडा असतो, फेरफार क्रमांक. तो घेऊन गाव नमुना ६ उघडला की कळतं: बाप वारला म्हणून वारसानं चढलं, की खरेदीखतानं, की भावाभावांच्या वाटणीनं. नागपूरकडे वाद जास्तच जुना असला तर मध्य प्रदेशाच्या काळातला १९५४-५५ चा अधिकार अभिलेख काढतात. सातबाऱ्यात आजची स्थिती, फेरफारात तिचं कारण. ऑरोराचा पडदा हा नुसता सातबारा आहे, तोही एक नंबरचा, एक दशांशसुद्धा न चुकणारा. वहीत फक्त फेरफार लिहायचा.

पद्धत अशी. फुलस्केप, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर. पानावर तीन रकाने: क्रमांक, खेळातली तारीख, मजकूर. क्रमांक एकपासून सुरू आणि कधीच पुन्हा वापरायचा नाही. मजकुरात तीन गोष्टी एका ओळीत बसल्या पाहिजेत: काय केलं, कशासाठी, आणि हे कधी मोडायचं. टँकरची नोंद अशी हवी होती:

"११४. २०५१-०२-२०. टँकर २ गुरूवर थांबवला. सर्वेक्षण जहाज ३ वर्धेकडून परततं आहे, त्याला इथे तेल द्यायचं. जहाज ३ भरलं की मोकळा."

(वर्धा हे इथे एका ताऱ्याला दिलेलं नाव, त्याबद्दल पुढे.) मग खेळात त्या ताफ्याचं नाव बदलून शेवटी ११४ हा आकडा जोडायचा. ऑरोरात ताफ्याचं नाव केव्हाही बदलता येतं, दहा सेकंदांचं काम. पुढच्या वेळी डाव उघडला की पडद्यावर "टँकर २ – ११४" दिसतं आणि बोट आपोआप वहीकडे जातं. नकाशात मोकळ्या जागी खूण ठेवायची असेल तर वेपॉइंट टाकून त्यालाही तोच आकडा द्यायचा. काम संपलं की नावातला आकडा काढायचा. ज्याच्या नावापुढे आकडा नाही तो खरोखर रिकामा.

"कधी मोडायचं" हा भाग बहुतेक जण गाळतात, आणि वहीचं अर्ध मोल तिथेच जातं. कारण लिहिलं पण मुदत नाही लिहिली, तर तीस खेळवर्षांनी तेच कारण धरून एक जहाज कुठेतरी कुजत उभं असतं.

चुकलेली नोंद खोडून काढायची नाही. सातबाऱ्यावर नाव कमी करतात तेव्हा त्याला कंस करतात, नाव वाचता येतंच. तसंच इथे: जुन्या नोंदीला कंस, शेजारी नव्या फेरफाराचा क्रमांक. व्हाइटनर लावलेली वही वाचून काहीच उलगडत नाही.

आता जिथे ही वही नसल्यानं खरं रक्त सांडतं ती जागा. ऑरोरात मास ड्रायव्हर नावाची वस्तू आहे. लघुग्रहावर स्वयंचलित खाणी टाकल्या, तिथे माणूस नाही, मालवाहू जहाजाच्या खेपा परवडत नाहीत, म्हणून मास ड्रायव्हर बसवायचा. तो खणलेलं खनिज पुडक्यात बांधून थेट दुसऱ्या ग्रहाकडे फेकतो. एक मास ड्रायव्हर वर्षाला पाच हजार टन फेकू शकतो. सुरुवातीच्या तंत्रज्ञानात एक खाण वर्षाला प्रत्येक खनिजाचे दहा टन काढते, गुणिले त्या खनिजाची सुलभता, जी ०.१ ते १ च्या मधे असते. लघुग्रहावर वीस खाणी आणि तीन खनिजं असली, सुलभता १, ०.९ आणि ०.७, तर वर्षाला २०० + १८० + १४० म्हणजे ५२० टन. एका ड्रायव्हरला हे काहीच नाही. स्वस्त, मस्त, विसरून जावं असं काम. आणि विसरलंच जातं.

अट एकच: ज्या ग्रहाकडे फेकता तिथेही झेलायला एक मास ड्रायव्हर हवा. नसेल तर पुडकं झेललं जात नाही, आदळतं. लोणारचं विवर ज्यांनी काठावरून पाहिलं आहे त्यांना आदळणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. तिथे बेसाल्टच्या कातळात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पडलेला आहे. खेळात तेवढं होत नाही, पण स्वतःच्या वसाहतीवर स्वतःच्याच खनिजाचा मारा होतो, माणसं मरतात, कारखाने मोडतात.

हे घडतं कसं? मुद्दाम कोणी करत नाही. पाच लघुग्रहांवरून मंगळाकडे फेक चालू असते. वीस खेळवर्षांनी मंगळावरचा कारखाना बंद करायचं ठरतं, सामान टायटनकडे हलवायचं. मालवाहू जहाजांना हुकूम दिला जातो: मंगळावरच्या खाणी उचला, कारखाने उचला, मास ड्रायव्हर उचला. मंगळाच्या पडद्यावर पाहिलं तर तो ड्रायव्हर कोणाला काही पाठवत नसतो, नुसता बसलेला दिसतो. तो झेलतो आहे हे कळायला पाच लघुग्रहांची पानं एकेक करून उघडावी लागतात. वीस वर्षांपूर्वी ती जोडणी केली तेव्हा वहीत "८७. लघुग्रह अ ते उ, पाचही फेक मंगळाकडे. मंगळाचा ड्रायव्हर हलवण्याआधी हे पाच वळवा" एवढं लिहिलं असतं, आणि मंगळाच्या वसाहतीच्या नावाला ८७ लावलेला असता, तर बास होतं.

हलवायचा क्रमही वहीतच लिहून ठेवावा, कारण तो उलटा झाला की त्यावर इलाज नाही. आधी पाचही ठिकाणची फेक दुसरीकडे वळवायची किंवा बंद करायची. मग थांबायचं. वाटेत असलेली पुडकी परत बोलावता येत नाहीत. ती जुन्या पत्त्यावरच जाणार. शेवटचं पुडकं उतरल्याचं पाहून मगच ड्रायव्हर जहाजात चढवायचा. घाई असली तरी मंगळावर एक ड्रायव्हर ठेवून द्यावा. एका ड्रायव्हरची बचत करून वसाहत गमावणं हा सौदा कोणत्याच बाजारात बसत नाही.

तेलाचं गणित तसंच, फक्त हळू मारणारं. ताफ्याला सशर्त हुकूम देता येतो: टाकी तीस टक्क्यांखाली गेली की तेल भरायला जा. हा हुकूम दिला की मन निश्चिंत होतं. पण तो टक्के मोजतो, अंतर मोजत नाही. जहाजाचा एकूण पल्ला तीस अब्ज किलोमीटर धरा. तीस टक्के म्हणजे नऊ अब्ज किलोमीटरचं तेल. जहाज घरापासून बारा अब्जांवर गेलेलं असेल तर हुकूम सुटेल, जहाज इमानदारीनं वळेल, आणि तीन अब्ज किलोमीटर अलीकडे उभं राहील. अंदाज यावा म्हणून: सूर्य ते नेपच्यून साडेचार अब्ज किलोमीटर. म्हणजे नेपच्यूनच्या दोनतृतीयांश वाटेइतकं कमी पडलं. म्हणून लांब पल्ल्याच्या प्रत्येक जहाजापुढे वहीत टक्के नको, परतीचं अंतर हवं, आणि त्यावरून काढलेला वळण्याचा टक्का. बारा भागिले तीस म्हणजे चाळीस, वर दहा टक्के सांडलवंड, पन्नासवर वळायचं.

उभं जहाज तेल जाळत नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. टँकर पोचेपर्यंत ते थांबू शकतं. पण जहाजाची दोन घड्याळं थांबत नाहीत. एक खलाशांचं: जहाज आखतानाच किती महिन्यांच्या फेरीसाठी हे ठरवलेलं असतं, त्यापुढे माणसं कुरकुरतात आणि कामाची धार जाते. दुसरं दुरुस्तीचं: शेवटच्या ओव्हरहॉलपासून जितका काळ जाईल तितके बिघाड वाढतात आणि सुट्या भागांचा साठा उतरतो. साठा संपल्यावरचा बिघाड म्हणजे कधी इंजिनच जातं.

यासाठी रजिस्टरची मागची पानं राखून ठेवायची. प्रत्येक खेळवर्षाला एक पान, वर साल. सर्वेक्षण जहाज मार्च २०५१ ला छत्तीस महिन्यांच्या फेरीला निघालं, परतायला पाच महिने लागतात, तर वळायची शेवटची तारीख ऑक्टोबर २०५३. ती आजच २०५३ च्या पानावर टाकायची, फेरफार क्रमांकासकट. निघताना टाकायची, आठवण झाल्यावर नाही. खेळात नवं वर्ष लागलं की ते पान उघडायचं आणि त्या वर्षाचा वायदा समोर. आमच्या मते हे मागचे पंधरा-वीस कागद पुढच्या शंभर पानांहून जास्त कामाचे. गावातली जुनी दुकानदार मंडळी उधारीच्या तारखा अशाच मागच्या पानावर ठेवत; पुढची कीर्द रोजची, मागचं पान वसुलीचं.

पेन आणि पेन्सिल यांची वाटणी हवी. झालेली गोष्ट पेननं. अंदाज पेन्सिलनं. वाचायला साधं वाटतं, पण खनिजांच्या बाबतीत यावरच डाव तरतो किंवा बुडतो. ड्युरेनियम सगळ्याच बांधकामाला लागतं, गॅलिसाइट इंजिनांना, सोरियमचं तेल होतं, खाणी बांधायला कोरंडियम. बाकीची सात कमीअधिक. खाणीच्या पानावर "किती वर्षं पुरेल" असा रकाना असतो आणि नवा खेळाडू तो आकडा पेननं उतरवून घेतो. चूक तिथेच. तो आजच्या उत्पादनानं भागलेला आकडा असतो. साठा मूळच्या अर्ध्यावर आला की त्या खनिजाची सुलभता साठ्याबरोबर उतरू लागते, हे त्यात धरलेलं नसतं.

आकडे घालून पाहा. एक लाख वीस हजार टन गॅलिसाइट, सुलभता ०.८, चारशे खाणी. वर्षाला ४०० × १० × ०.८ म्हणजे ३,२०० टन. सरळ भागाकार साडेसदतीस वर्षं सांगतो. पण पावणेएकोणीस वर्षांत साठा साठ हजारांवर येतो आणि तिथून उतार लागतो. साठ्याच्या प्रमाणात सुलभता उतरली असं धरलं तर साडेसदतिसाव्या वर्षी जमिनीत अजून बावीस हजार टन असतील, पण वर्षाला जेमतेम बाराशे टन निघतील. इथे खनिज संपत नाही, आटतं. एप्रिलमधली विहीर असते तसं: पाणी दिसतं, मोटर चालते, पण पाटात धार येत नाही. आणि इंजिनांची मागणी मात्र तोवर तिप्पट झालेली असते. म्हणून वहीत "किती पुरेल" लिहायचंच नाही. प्रत्येक खनिजाचा अर्धा साठा किती तेवढा आकडा पेननं, तिथे पोचायचं अंदाजे साल पेन्सिलनं, आणि त्याच सालाच्या मागच्या पानावर एक ओळ: "गॅलिसाइट अर्ध्यावर. नवी जागा चालू झाली का?" खाणीचं तंत्र दहा टनांवरून बारावर गेलं की पेन्सिलचा आकडा खोडून नवा. कोरंडियमकडे सगळ्यांत आधी पाहावं. ते आटलं तर नव्या खाणीच बांधता येत नाहीत, मग कोरंडियम आणायलाही खाण नाही. या फासात अडकलेले डाव बरेच असतात.

नावांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण चांगलं नाव ही स्वतःच एक नोंद असते. खेळ ताऱ्यांना आपणहून नावं देतो, खऱ्या ताऱ्यांची यादी घेतली तर खरी. ती ऐकायला छान, पण चाळीस तारे झाल्यावर कोणता कोणाच्या पलीकडे हे त्या नावांतून कळत नाही. विदर्भात बसून खेळणाऱ्याला आयती सोय आहे: नद्या. सूर्यमालेतून निघणाऱ्या पहिल्या दोन वाटांना वर्धा आणि वैनगंगा. वर्धेच्या पलीकडे सापडेल त्याला वर्धेच्या उपनद्यांची नावं: बेंबळा, यशोदा, वणा, इरई, पैनगंगा. पैनगंगेच्या पलीकडे पूस, अरुणावती, अडाण. वैनगंगेच्या बाजूला कन्हान, बावनथडी, चुलबंद, गाढवी, कठाणी. कन्हानच्या पलीकडे पेंच आणि नाग. आता "पूसमध्ये जहाज अडकलं" एवढं वाचलं की वाट डोळ्यांपुढे: पूस, पैनगंगा, वर्धा, घर. तीन उड्या. वर्धा-वैनगंगेची मिळून प्राणहिता होते, तसं सगळं पाणी खाली सूर्यमालेकडे. दिशाही चुकत नाही.

एक घोटाळा होतो. नदी उलटी वळून दुसऱ्या खोऱ्यात जात नाही, जंप पॉइंट जातो. कधी अरुणावतीच्या पलीकडचा जंप पॉइंट थेट चुलबंदमध्ये निघतो आणि झाडासारखा नकाशा वेलीसारखा गुंततो. अशा जोडाला वहीत "कालवा" म्हणायचं, नाव बदलायचं नाही, आणि पहिल्या पानावर कालव्यांची वेगळी यादी. शत्रू बहुतेक वेळा कालव्यानंच येतो, कारण पहारा नदीच्या मुखाशी बसवलेला असतो. प्रत्येक ताऱ्याभोवती गुरुत्व सर्वेक्षणाच्या तीस जागा असतात आणि त्या सगळ्या पाहून झाल्याशिवाय तिथे जंप पॉइंट किती हे नक्की होत नाही. म्हणून नदीच्या नावापुढे "३० पैकी १८" असं लिहावं. हा आकडा पडद्यावरही पाहता येतो हे खरं, पण सर्वेक्षण अर्धवट सोडलं का सोडलं, हे तेवढं वहीतच. "१८ वर सोडलं, तेल नाही" आणि "१८ वर सोडलं, कोणीतरी दिसलं" यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

जहाजांच्या आराखड्यांना नदीचं नाव देऊ नका, गोंधळ होतो. त्यांना तालुक्यांची द्या, आणि सुधारलेल्या आराखड्याला तेच नाव, पुढे दोन, तीन. गोदीचं एक कलम मात्र वहीत हवंच: कोणती गोदी कोणत्या आराखड्यासाठी जुळवली आहे आणि तिथे आणखी कोणते बांधता येतात. जुळवलेल्या आराखड्यापासून बदलाचा खर्च वीस टक्क्यांच्या आत असेल तरच दुसरा आराखडा त्याच गोदीत बांधता येतो. दिग्रस-दोन आखताना हौसेनं एक इंजिन वाढवलं आणि हा वीस टक्क्यांचा धुरा ओलांडला, तर गोदी पुन्हा जुळवायला महिनोन् महिने जातात.

आता वीज. गावठाण फीडरवरची वीजसुद्धा पावसाळ्यात भरवशाची नाही, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटं दम धरते. ऑरोरा चालू असताना सगळा डाव संगणकाच्या मेमरीत असतो. सेव्हचं बटण दाबल्यावरच डेटाबेसच्या फाइलमध्ये उतरतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी सेव्ह, मग नोंद. उलटं केलं, नोंद लिहिली आणि सेव्ह होण्याआधी दिवे गेले, तर वही खेळाच्या पुढे जाते. वहीत मंगळाची फेक वळवलेली, खेळात अजून चालूच. नसलेल्या नोंदीपेक्षा अशी खोटी नोंद जास्त घातक, कारण तिच्यावर आपण विसंबतो. डाव उघडल्यावर पहिलं काम म्हणून खेळातली तारीख आणि वहीतली शेवटची तारीख जुळवायची. वही पुढे असेल तर तेवढ्या ओळींना कंस करून ती कामं पुन्हा करायची.

डेटाबेसची ती फाइल खेळ बंद करून पेनड्राइव्हवर उचलून ठेवावी, नावात खेळाची तारीख आणि शेवटचा फेरफार क्रमांक. तारीख साल-महिना-दिवस अशीच, म्हणजे यादी आपोआप क्रमानं लागते. दर दहा खेळवर्षांची एक प्रत पुरे.

संगणकावरच्या तक्त्यात नोंदी ठेवणाऱ्यांशी भांडण नाही. खनिजांचं गणित तिथेच बरं होतं. आकडे इंग्रजी अंकांत टाका. देवनागरी अंक मजकूर म्हणून बसले की बेरीज शून्य दाखवते आणि तासभर सूत्रात चूक शोधण्यात जातो. पण फेरफार कागदावरच असावा. खेळाच्या खिडक्या सगळा पडदा खातात, मधे मधे तक्त्यावर उडी मारायचा कंटाळा येतो आणि कंटाळ्यानं नोंद राहते. मांडीजवळची वही राहत नाही. पावसाळ्यात मात्र ती प्लास्टिकच्या पिशवीत, आणि उंदरांपासून वर.

खेळात स्पेस मास्टर नावाचा एक दरवाजा आहे. त्यातून बरंच काही बदलता येतं, जमिनीतलं खनिजसुद्धा वाढवता येतं. काही जण त्याला हात लावत नाहीत, काही जण चुकून दिलेला हुकूम परतवायला वापरतात. दोन्ही ठीक. फक्त तो उघडला की लाल शाईनं नोंद व्हावी, काय बदललं आणि कितीनं. नाहीतर वीस वर्षांनी पृथ्वीवरच्या सोरियमचा हिशेब जुळत नाही आणि माणूस खाणीला दोष देत बसतो.

एकाच डावाला दोघं बसत असतील, थोरला रात्री ओलिताला जाण्याआधीचा तास आणि धाकटा दुपारी, तर वहीचा रंगच बदलतो. एकट्याच्या वहीत आळस चालतो, कारण थोडं डोक्यात असतं. दोघांच्या वहीत नाही. प्रत्येक बैठकीच्या शेवटी एक ओळ, वऱ्हाडीत का होईना: "दादा, गुरूवरच्या टँकरले हात लावू नोको, तीन नंबरचं जहाज येऊन रायलं. ११४ पाय." आणि थोरल्यानं पाहिल्याची खूण म्हणून शेजारी सही. खूण नसेल तर धाकट्यानं दुसऱ्या दिवशी तोंडी सांगायचं. भांडण टाळायचं असेल तर आणखी एक: दोघांनी वेगवेगळ्या शाईची पेनं वापरायची. हुकूम कोणाचा यावरून वाद झाला की शाई उत्तर देते.

खेळाची मोठी नवी आवृत्ती आली की जुना डाव सहसा तिच्यात चालत नाही. डेटाबेस बदललेला असतो. जुना डाव पुरा करायचा असेल तर जुनं फोल्डर तसंच ठेवायचं, त्याच्या नावात आवृत्ती क्रमांक, आणि नवं त्याच्यावर उतरवायचं नाही. नव्या डावात जुन्या वहीतलं फार थोडं कामाला येतं: नद्यांची यादी, ड्रायव्हर हलवायचा क्रम, वळण्याच्या टक्क्याचं गणित. तेवढं नव्या रजिस्टरच्या आतल्या पुठ्ठ्यावर उतरवायचं. खनिजं वेगळी पडतात, तारे वेगळे लागतात. पहिल्या पानावर आवृत्ती आणि सुरुवातीची तारीख, मागची वीस पानं सालांसाठी दुमडून ठेवलेली, आणि फेरफार पुन्हा एकपासून.